कुलूप कोणाचे, नुकसान कोणाचे?

11 ऑगस्ट 2018 रोजी 28 देशांतील एटीएम यंत्रांतून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे भराभर काढले गेले. 13 तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण चोरी सुमारे 94 कोटी रुपयांची! तिजोरी मात्र कोणीही फोडली नव्हती. मग हे घडले कसे?

एटीएम यंत्र स्वतः निर्णय घेत नाही. 'कार्ड खरे आहे काय? खात्यात पैसे आहेत काय?' असे ते 'स्विच' नावाच्या व्यवस्थेमार्फत बँकेच्या संगणकाला विचारते आणि 'होय' असे उत्तर आले की नोटा देते. चोरांनी घातक आज्ञावली घुसवून हे प्रश्न मधल्यामध्ये अडवले व खोटे 'होय' पाठवले.

असे धोके ठाऊक असूनही अनेक संस्था सुरक्षिततेवर पुरेसा खर्च का करीत नाहीत? एक तर तिचे फळ दिसत नाही. सोलापूरच्या कारखानदाराने नवा माग घेतला, तर जास्तीच्या चादरी मोजता येतात. न झालेली चोरी कशी मोजणार? दुसरे, बदनामीच्या भीतीने हल्ला लपवला जातो व इतर सावध होत नाहीत. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ग्राहकांची माहिती चोरीस गेली, तर मनस्ताप ग्राहकांना होतो, कंपनीला नव्हे. नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला खालच्या गावचे पाणी प्यावे लागत नाही, तसेच हे!

उपाय यातच दडलेला आहे. चोरी रोखणे ज्याच्या हाती, नुकसानही त्याच्याच माथी असावे. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये नियम केला, की त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची सूचना ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिली, तर त्याला तोटा सोसावा लागू नये. 2022 मध्ये सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत सरकारी यंत्रणेस देण्याचे बंधन आले. 2023 च्या कायद्यात वैयक्तिक माहिती न जपणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

पण लहान बँकेला तज्ज्ञांचा पगार परवडेल काय? म्हणून 2019 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांचे चार स्तर पाडले. जितका संगणकव्यवहार अधिक, तितके नियम कडक.

आता तुम्ही विचार करा. तुमच्या शाळेच्या संगणकातील माहिती चोरीस गेली, तर नुकसान कोणाचे? आणि कुलपाचा खर्च कोणी करावा?