मुलाला कोंकणी आणि इंग्रजी, दोन्ही येऊ द्या

गोव्यात बऱ्याच घरांत आजी-आजोबा आपसात कोंकणी बोलतात आणि नातवाशी मात्र इंग्रजी. कारण एकच, पोर शाळेत मागे पडेल ही भीती. ती मनातून काढून टाका! इंग्रजी शाळेतून, मोबाइलवरून येतेच. कोंकणी घरातूनच मिळावी लागते.

"माका मिल्क जाय" असं मूल म्हणालं, तर ते गोंधळलंय असं समजू नका. वाक्य चोख कोंकणी आहे, शब्द तेवढा एक उसना. दोन भाषांत वाढणारी मुलं जगभर अशी सरमिसळ करतात. चूक काढत बसू नका. "दूद जाय तुका?" म्हणा आणि पेला हातात द्या.

फ्रेंच भाषातज्ज्ञ झ्यूल रोंझा यांनी मुलगा लुई याच्यासाठी 'एक पालक, एक भाषा' हा नियम पाळला: वडील फ्रेंच बोलत, आई जर्मन. १९१३ साली त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. मला मात्र आपल्याकडे 'घरात कोंकणी, बाहेर इंग्रजी' हेच जास्त जमण्यासारखं वाटतं, कारण आजी, मामा, शेजारीपाजारी सगळेच हातभार लावतात.

लिपी? देवनागरी किंवा रोमी, घरात चालते ती. इंग्रजी अक्षरं येणारं मूल रोमी कोंकणी अडखळत का होईना, लगेच वाचायला लागतं.