कुरुमानचा संसार

दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात, कालाहारीच्या रेताड मुलखाची कड जेथे लागते तेथे, डोलोमाइट खडकाच्या पोटातून कुरुमानचा झरा बाहेर पडतो. दिवसाकाठी सुमारे दोन कोटी लिटर पाणी देणारा हा झरा, आणि भोवतीचा प्रांत असा की, दोन दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली तरी कोणाला नवल वाटू नये; अशा ठिकाणी अशा पाण्याचे मोल काय असते हे आपल्याकडील माणदेशच्या माणसाला तरी वेगळे सांगण्याचे कारण नाही. या झऱ्याखालच्या खोऱ्यात लंडन मिशनरी सोसायटीचे रॉबर्ट मॉफट आणि त्यांच्या पत्नी मेरीबाई यांनी १८२४ च्या सुमारास कायमचे ठाणे मांडले, आणि ते ठाणे त्यांनी सोडले ते १८७० साली, दोघेही पंचाहत्तरीला टेकल्यावर. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे सासूसासरे एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. मला मात्र जावयांपेक्षा या दोघांचे चरित्र अधिक विचार करण्याजोगे वाटत आले आहे. कारण जावई आयुष्यभर हिंडले आणि हे दोघे एके ठिकाणी राहिले, आणि परक्या मुलखात हिंडण्याला जे धैर्य लागते त्याहून निराळे आणि बहुधा अधिक चिवट असे काहीतरी तेथे राहण्याला लागते.

दोघांचा जन्म १७९५ चा. रॉबर्ट हे स्कॉटलंडमधील ऑर्मिस्टनचे, पेशाने माळी. मेरी स्मिथ या मँचेस्टरजवळच्या डुकिनफील्ड येथील ज्या रोपवाटिकेत ते नोकरीस होते तिच्या मालकांची कन्या. रॉबर्ट १८१७ च्या आरंभी केपटाउनला उतरले. आईवडिलांची संमती मिळवण्यात मेरीबाईंची दोनेक वर्षे गेली, आणि १८१९ च्या डिसेंबरात त्या एकट्या जहाजाने तेथे पोहोचताच २७ तारखेला लग्न लागले. लग्नापूर्वीच्या एकाकी दिवसांत रॉबर्टनी घरी लिहून कळवले होते की, सुतार, लोहार, शिंपी, चांभार, दळप्या, भटारी असे सर्व व्यवसाय आपल्याच अंगावर येऊन पडले आहेत, आणि या सगळ्यांत घर चालवण्याचे काम सर्वांत जड जाते. लहानपणी आईने त्यांना शिवणे आणि विणणे बळेच शिकवले होते, त्या विद्येचा येथे उपयोग झाला. पण घर चालवणे ही विद्या सुईदोऱ्याने येत नाही.

या घराचा एक तपशील मराठी वाचकाला विशेष रुचेल. आल्यानंतर थोड्याच काळात मेरीबाईंनी विलायतेस पाठवलेल्या एका पत्रात, वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल अशी खात्री बाळगूनच, कळवले की आपण घरातील सर्व खोल्यांची जमीन आठवड्यातून निदान एकदा शेणाने सारवून घेतो. प्रथम त्यांना या गोष्टीची किळस आली आणि तिच्यावाचून भागवता येते का ते त्यांनी पाहिले. परंतु धूळ बसायची तर हाच उपाय, पिसवा मारायच्या तर हाच उपाय, असे अनुभवाने ठरले, आणि मँचेस्टरच्या त्या सुशिक्षित मुलीने तेथील त्स्वाना बायकांचा हा शिरस्ता मुकाट्याने उचलला. ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याकडून आपण काय शिकलो याच्या नोंदी मिशनच्या वार्षिक अहवालांत फारशा आढळत नाहीत. त्या बायकांच्या खाजगी पत्रांत शोधाव्या लागतात.

पाण्याचा प्रश्न तर रोजचाच होता. मुळात त्स्वाना लोकांची शेती पावसावरची. पाट काढून बाग भिजवणे ही मॉफट यांच्यासारख्या माळ्याची कल्पना, आणि ती त्यांच्या अंगाशीही आली. आरंभीच्या ठाण्यावर मिशनच्या बागेसाठी लांबून खोदून आणलेला पाट वरच्या अंगाच्या बायका आपल्या शेतांकडे वळवून घेत, आणि मॉफट व त्यांचे वडीलधारे सहकारी रॉबर्ट हॅमिल्टन हे दिवसभराच्या कामानंतर फावडी घेऊन पाट बांधत मैलोन्मैल जात. एकदा तर बायकांनी जमावाने जाऊन बांधच उखडून टाकला. मिशनरी ग्रंथांत या प्रसंगाला दुष्टपणाचा नमुना म्हणून जागा मिळाली आहे. परंतु दुष्काळाच्या वर्षी बाहेरून आलेल्या चार माणसांच्या फुलकोबीसाठी गावचे पाणी वळवले जात असताना आपल्याकडच्या कोणत्या पाटकऱ्याने, कोणत्या पाटलाने तो बंदोबस्त निमूट मान्य केला असता, हेही विचारायला हवे. त्याच सुमारास पावसाचा मांत्रिक आणला गेला, पाऊस पडला नाही आणि दोष मिशनरींच्या माथी आला. भाला घेऊन दारात उभ्या ठाकलेल्या माणसांनी चालते व्हा म्हणून बजावले, तेव्हा मॉफटसाहेब छाती उघडी करून पुढे झाले आणि मेरीबाई तान्हे मूल कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या, अशी हकीकत आहे. लोक परत गेले. पुढे झऱ्याखाली नव्या ठिकाणी पाणी मुबलक मिळाले आणि हा तंटा बराचसा शमला. १८२६ साली तेथे दगडी घर पुरे झाले, आणि हळूहळू अंजीर, जर्दाळू, बदाम, पीच आणि द्राक्षे यांची बाग उभी राहिली. हिच्याच एका बदामाखाली लिव्हिंगस्टन यांनी मॉफटांच्या थोरल्या मुलीला, मेरीला, मागणी घातली असे सांगतात.

या संसारातील एक दिवस कसा जात असे हे ठरवण्यास पत्रे पुरेशी आहेत. पहाटे दोघे उठत. रॉबर्ट बागेत किंवा लोहारखान्यात, तेथून शाळेत, आणि उरलेला वेळ भाषांतराच्या मेजाशी. त्स्वाना भाषेला तोवर लिपी नव्हती. ती बसवून त्यांनी १८३० मध्ये लूकचे शुभवर्तमान केपटाउनला छापवून घेतले आणि स्वतः खिळे जुळवण्याचे काम शिकून पुढल्या वर्षी हातछापखानाच बैलगाडीतून कुरुमानला आणला. १८४० मध्ये नवा करार लंडनमध्ये छापला गेला. जुन्या कराराचे काम १८५७ पर्यंत चालले, आणि ते संपवताना मॉफटसाहेबांचे डोके असे काही शिणले होते की, कानात अहोरात्र घोंघाट होत असल्याची तक्रार ते करीत. मेरीबाईंचा दिवस याहून लांब आणि अधिक तुकड्यातुकड्यांचा. भाकरपाव, साबण, मेणबत्त्या, मुलांचे कपडे, आजारी माणसांची विचारपूस, मुलींचा शिवणवर्ग, आणि त्यांत दर काही दिवसांनी येऊन थडकणारे पाहुणे. कुरुमानच्या पुढे उत्तरेस गोऱ्या माणसाचे असे घर नव्हते. त्यामुळे गॉर्डन कमिंग यांच्यासारखे शिकारी, हस्तिदंताचे व्यापारी, नवे मिशनरी, या सर्वांचा शेवटचा नीटनेटका मुक्काम मेरीबाईंच्या मेजावर पडे. अंतर्भागात कोण गेले आणि कोण परतले नाही याची खबर गव्हर्नरच्या दप्तराआधी या बाईंना असे.

चरबीची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८२९ साली पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला. तोवरच्या वर्षांत एकही माणूस धर्मांतरित झाला नव्हता. तरीही विलायतेतील एका मैत्रिणीने काय पाठवू म्हणून विचारले तेव्हा मेरीबाईंनी प्रभुभोजनाची भांडी मागितली होती, आणि ती भांडी नेमकी त्या विधीच्या आदल्या एकदोन दिवसांतच कुरुमानला पोहोचली. बाप्तिस्मा घेतलेल्या मंडळींना रात्री वाचता यावे म्हणून दिवा हवा होता. मिशनच्या घरातील मेणबत्त्या पाहून त्यांनी साचे मागितले, चिंध्यांच्या वाती वळल्या, आणि जी चरबी पूर्वी गेरूत खलून अंगाला लावली जात असे ती आता मेणबत्तीसाठी राखून ठेवली जाऊ लागली. एका मेणबत्तीत कसा एक संपूर्ण आचार पालटतो हे यात दिसते.

शिवणकामाचेही तसेच. त्स्वाना समाजात घरे बांधणे आणि शेत खणणे ही बायकांची कामे, आणि कातडी शिवून पांघरुणे करणे हे पुरुषांचे. मॉफटसाहेबांनी एकदा घरे बांधणाऱ्या बायकांना पुरुषांनी हात द्यावा म्हणून सुचवले तेव्हा जमलेली सारी मंडळी हसली. मेरीबाईंनी सुई बायकांच्या हातात दिली. नांगर आला आणि बैल पुरुषांच्या ताब्यातले असल्याने शेतीही पुरुषांकडे सरकली. शिवाय कपडे शिवायचे तर कापड हवे. डेव्हिड ह्यूम नावाचे व्यापारी कुरुमानला दुकान मांडून बसलेच होते. प्रवचन आणि कापडाचे ठाण ही एकाच वाटेने आत शिरली, असा निष्कर्ष अलीकडे मानववंशशास्त्रज्ञ जीन आणि जॉन कॉमारॉफ यांनी विस्ताराने मांडला आहे, आणि तो डावलता येण्यासारखा नाही. मॉफट दांपत्य सज्जन होते. त्स्वाना लोकांच्या चालीरीतींबद्दल त्यांचे मत मात्र बऱ्याच अंशी तुच्छतेचे होते. या दोन्ही गोष्टी एकाच घरात पन्नास वर्षे सुखाने नांदल्या.

उत्तरेकडील म्झिलिकाझी राजाचा मॉफटसाहेबांवर विलक्षण लोभ होता, आणि १८२९ ते १८६० या काळात त्यांनी पाच वेळा त्याच्या भेटीस जाऊन महिनेच्या महिने बाहेर काढले. त्या काळात कुरुमानचा सारा कारभार, म्हणजे पाट, गुरे, गाड्यांची दुरुस्ती, केपकडचा पत्रव्यवहार, जमाखर्च आणि देणेकऱ्यांचे तगादे, मेरीबाईंच्या अंगावर असे. या मैत्रीचे पुढे काय झाले तेही नोंदवण्याजोगे आहे: मॉफटांचे पुत्र जॉन हे मिशन सोडून सरकारी नोकरीत गेले आणि त्याच बापाच्या पुण्याईवर १८८८ मध्ये म्झिलिकाझीचा मुलगा लोबेन्गुला याच्याशी त्यांनी जो करार केला, त्याने त्या राज्याच्या गिळंकृत होण्याचा दरवाजा उघडला.

मुलांच्या बाबतीत या घराचे नशीब कठोर होते. झालेल्या दहांपैकी सात वाढली. शिक्षणासाठी ती दूर ठेवावी लागली, आधी ग्रॅहमस्टाउनजवळ सेलेमच्या शाळेत आणि नंतर विलायतेस. आपल्याकडे मुलीला सासरी पाठवताना आईच्या डोळ्याला पाणी येते. मेरीबाईंनी आठदहा वर्षांची लेकरे बैलगाडीतून समुद्रकाठी नेऊन जहाजात बसवली आणि परत त्याच गाडीतून महिन्या-दीड महिन्याच्या वाटेने एकट्या घरी आल्या. १८६२ हे वर्ष सर्वांत वाईट. एप्रिलमध्ये थोरली मेरी झांबेझीकाठी शुपांगा येथे तापाने वारली आणि त्याच वर्षी मुलगा रॉबर्टही गेला. १८६६ मध्ये दुसरे जावई, फ्रेंच मिशनरी फ्रेडू, एका व्यापाऱ्याच्या गाडीतील बंदुकीच्या दारूच्या स्फोटात ठार झाले. विधवा ॲन आपल्या मुलांसह माहेरी आली. सत्तरी ओलांडल्यावर, ज्या वयात आपल्याकडे वडीलधारी माणसे व्यवहार मुलांच्या हाती सोपवून ओटीवर बसतात, त्या वयात मेरीबाईंच्या घरात पुन्हा लहान मुलांची अंगडी वाळत पडली, आणि म्हातारे मॉफटसाहेब, लांब पांढरी दाढी छातीवर रुळत असता, भाषांतराची प्रुफे तपासत आणि रविवारी त्या ऐसपैस दगडी देवळात त्स्वाना भाषेत बोलत. १८३८ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या त्या देवळाची आढी शेकडो मैलांवरून बैलांनी ओढून आणलेली होती.

१८६९ च्या डिसेंबरात लग्नाला पन्नास वर्षे झाली. सोसायटीने परतण्याचा आग्रह धरला, प्रकृतीनेही धरला, आणि २० मार्च १८७० रोजी मॉफटसाहेबांनी कुरुमानच्या देवळात शेवटचे प्रवचन केले. निघताना लोकांनी केलेला शोक अकृत्रिम होता, कारण उपदेश विसरता येतो, पण तीन पिढ्यांच्या आजारपणात दारी आलेली बाई विसरता येत नाही. जुलैअखेर दोघे प्लिमथला उतरले. इंग्लंडच्या पहिल्याच हिवाळ्यात, १० जानेवारी १८७१ रोजी, ब्रिक्स्टन येथे मेरीबाई वारल्या. त्रेपन्न वर्षे आपल्यासाठी प्रार्थना करायला ती होती, हे मॉफटसाहेबांच्या तोंडून आलेले पहिले वाक्य होते, म्हणजे ते हिशेब लग्नाच्याही आधीपासून धरीत होते.

त्यानंतर ते बारा वर्षे जगले. सुधारलेल्या त्स्वाना बायबलची आवृत्ती १८७२ मध्ये लंडनमध्ये निघाली ती त्यांच्याच देखरेखीखाली. १८ एप्रिल १८७४ रोजी लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला तेव्हा सासरे हजर होते, आणि शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट हा एकच आफ्रिकी होता. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने जी शाळा चालवली होती तिच्यात तो शिकला होता, आणि लिव्हिंगस्टन यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या सोबत्यांपैकी तो एक होता. मॉफटसाहेब केंट परगण्यातील लेह या गावी ९ ऑगस्ट १८८३ रोजी वारले; कुरुमानला ते पुन्हा गेले नाहीत.