बटणाचा फोन सुटला, अँड्रॉईड हाती आला : सभासदांनी काय काय सांभाळावे



आपल्या सांगोला तालुक्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट बघत आला. नीरेचा उजवा कालवा, म्हैसाळ, टेंभू यांचे पाणी जसजसे येत गेले तसतसा ऊस वाढला, आणि मग दुसरी एक वाट बघणे नशिबी आले, ती म्हणजे तोडणी चिठ्ठीची. पूर्वी त्यासाठी डोळे चिटबॉयच्या फटफटीकडे लागलेले असत. आता ते हातातल्या फोनकडे लागतात.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक लावण्याचे काम तलाठ्याच्या वहीतून शेतकऱ्याच्या फोनात आले. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीसाठी ‘महा-ऊस नोंदणी’ नावाचे अॅप काढले. २०२३ मध्ये पी.एम. किसानची ओळख पडताळणी फोनसमोर चेहरा धरून करण्याची सोय झाली. बँकेचा व्यवहार म्हटला की ओ.टी.पी. आलाच. बटणाच्या फोनवर ओ.टी.पी. येतो, संदेश येतो, पण अॅप चालत नाही. म्हणून मग सभासद काय करतो ? आधार कार्ड, सातबारा आणि फोन असा सगळा संसार कोणाच्या तरी हातात देतो आणि म्हणतो, “बघ रे बाबा, काय असंल ते कर.”

हा लेख त्यासाठीच आहे. अँड्रॉईड फोन घेण्याची ऐपत आज बहुतेकांची आहे, आणि पुष्कळांनी तो घेतलाही आहे. पण फोन खिशात असणे आणि फोन आपल्या ताब्यात असणे यात फरक आहे. दहा एकर ऊस स्वतःच्या हिमतीवर पिकवणारा माणूस सहा आकडी ओ.टी.पी. वाचायला शेजारच्या पोराला हाक मारतो, हे बरे दिसत नाही.

अँड्रॉईड म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. ते फोनच्या कंपनीचे नाव नव्हे. फोन आतून चालवणारी ती एक पद्धत आहे. २००३ मध्ये अमेरिकेत काही मंडळींनी ती बांधायला घेतली, २००५ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉईड फोन बाजारात आला. सॅमसंग घ्या, रेडमी घ्या, विवो घ्या, बाहेरून डबा वेगळा दिसेल, आतली रीत तीच. त्यामुळे एकावर हात बसला की दुसऱ्यावर अडत नाही.

नंबर बदलू नका

फोन बदला, पण नंबर बदलू नका. दुकानदार नव्या फोनबरोबर नवे सिम फुकट देतो आणि माणूस भुलतो. पण आपला जुना नंबर कुठेकुठे लावलेला आहे ते जरा आठवा. आधारला तो, बँकेला तो, सोसायटीला तो, कारखान्याच्या शेतकी विभागात उसाच्या नोंदीला तो, गॅसला तो. विहिरीवर मोबाईलने चालणारा मोटरचा ऑटो स्टार्टर बसवला असेल तर तोसुद्धा बहुतेक वेळा ठरावीक नंबरावरून आलेला फोनच ओळखतो. (या स्टार्टरचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने असे यंत्र केले. रात्री-अपरात्री वीज आल्यावर काठी-बॅटरी घेऊन रानात जाण्याचा त्रास ज्याने भोगला आहे त्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.)

जुने सिम आकाराने मोठे असते, नव्या फोनात बारीक लागते. कात्रीने कापत बसू नका. कंपनीच्या दुकानात आधार घेऊन गेलात तर त्याच नंबरचे बारीक सिम मिळते. आणि नंबर रिचार्जवाचून फार दिवस ठेवू नका. बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, मग तुमच्या बँकेचे संदेश त्याच्याकडे जायला लागतात.

जुन्या फोनातील नावे-नंबर नव्यात कसे न्यायचे, ही दुसरी अडचण. बटणाच्या फोनात काही नंबर सिमवर असतात, काही फोनमध्ये असतात. फोनमधले आधी सिमवर उतरवून घ्या, मग सिम नव्या फोनात घालून तिथल्या ‘संपर्क’मध्ये जाऊन ‘आयात करा’ दाबा. सिमवर मोजकेच नंबर मावतात. कोणाचे जास्त असतील तर सरळ वहीत लिहून काढावेत, वही कधी हँग होत नाही.

खाते तुमचेच पाहिजे

नवा फोन सुरू केला की तो गुगलचे खाते मागतो. इथे नव्वद टक्के घोटाळा होतो असे म्हटले तर फार वावगे ठरू नये. दुकानातला पोरगा घाईत स्वतःच्याच मनाने कसले तरी नाव आणि पासवर्ड घालून देतो आणि संध्याकाळी विसरून जातो. वर्षाने फोन अडकला आणि कोरा करावा लागला, की तो पुन्हा तेच खाते मागतो. २०१५ नंतरच्या अँड्रॉईडमध्ये चोरीला आळा बसावा म्हणून ही तजवीज केलेली आहे. चोर अडतो हे खरे, पण मालकही अडतो ! तेव्हा खाते आपल्या नावाने, आपल्या नंबरवर काढून घ्यावे आणि खाते व पासवर्ड घरातील सातबाऱ्याच्या फाईलमध्ये कागदावर लिहून ठेवावा. फोनच्या कव्हरात ती चिठ्ठी ठेवू नये.

पोरगं पुण्याला नोकरीला आणि बापाचा नंबर पोराच्या फोनात, अशीही घरे आपल्याकडे कमी नाहीत. पोरगा गुणी असतो, पण नोंदीच्या वेळी शेतात उभ्या असलेल्या बापाला ओ.टी.पी. पाहिजे असतो आणि पोरगा त्या वेळी कारखान्याच्या पाळीवर असतो. भगिनींच्या बाबतीत तर हे सर्रास आहे. शेअर तिच्या नावाचा, जमीन तिच्या नावाची आणि नंबर मालकाचा. निदान जिच्या नावावर उसाची नोंद आहे तिच्या हाताशी तिचा नंबर असावा.

पहिल्या दिवशी आणखी तीन कामे उरकून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा. अक्षर मोठे करा, म्हणजे चष्मा शोधावा लागत नाही. आणि फोनला कुलूप लावा. लिहायचा कंटाळा असेल तर कळफलकावर माईकचे चित्र असते, ते दाबून मराठीत बोला, अक्षरे आपोआप उमटतात. गुगलने २०१७ मध्ये ही सोय मराठीला दिली. आपली माणदेशी बोली त्याला थोडी जड जाते, तरी निम्मे-अधिक बरोबर येते.

उसाच्या कामाला फोन

आता मुख्य मुद्दा. फोनचा सर्वांत मोठा उपयोग कोणत्याही अॅपपेक्षा त्याच्या साध्या कॅमेऱ्यात आहे. गळीत हंगामात प्रत्येक खेपेची वजन पावती मिळते. ती खिशात भिजते, घामाने पुसते, ड्रायव्हरकडेच राहते. पावती हातात पडताच तिचा फोटो काढावा. तारीख, वाहनाचा नंबर, भरगाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन आणि काही वजावट असेल तर ती, हे सगळे फोटोत स्पष्ट आले पाहिजे. हंगाम संपल्यावर बिल आले की पावत्यांच्या फोटोंची बेरीज करून टनेज ताडून पाहावे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी.ची रक्कम मिळावी आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज मिळावे, असे बंधन आहे. पण १४ दिवस मोजायला तारीख हाताशी पाहिजे. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. फोनात हिशेबाचे यंत्र आहेच, आपला हिशेब आपणच करून पाहावा. शंका आली तर फोटो घेऊन शेतकी कार्यालयात या. पुरावा समोर असला की बोलणे लवकर आटोपते, आणि कारखान्यालाही ते सोयीचे जाते.

लागणीच्या दिवशीही असाच एक फोटो काढून ठेवा. फोनवर तारीख आपोआप नोंदली जाते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा आणि को ८६०३२ आहे की फुले २६५, हे फोटोखाली लिहिता येते. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर चालतो, म्हणून नोंदीची तारीख आणि फोटोची तारीख एक असणे हिताचे.

ई-पीक पाहणीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ही नोंद घरी बसून करता येत नाही, त्या गटात उभे राहूनच फोटो काढावा लागतो. फोनचे ‘लोकेशन’ चालू पाहिजे. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकते, म्हणजे वस्तीवर एकाकडे जरी धड फोन असला तरी चार घरांचे काम होते. शासन प्रत्येक हंगामाला मुदत ठरवून देते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर सगळा महाराष्ट्र एकदम तुटून पडतो आणि अॅप कासवाच्या गतीने चालते. सातबाऱ्यावर ऊस लागलेला नसेल तर पीककर्जाला अडचण, नुकसानभरपाईला अडचण. आपल्याकडे उसाच्या बांधाला डाळिंब असते, त्याचीही नोंद विसरू नये.

रोग-किडीसाठी कॅमेरा कामाला येतो, पण तो नीट चालवला तर. लांबून काढलेल्या हिरव्यागार फोटोवरून ब्रह्मदेवालाही रोग कळायचा नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि सबंध बेट, असे तीन फोटो उजेडात काढून गटातील कर्मचाऱ्याला पाठवा. तांबेरा, पोक्का बोंग आणि चाबूक काणी यांची लक्षणे वेगळी आहेत. २००२ मध्ये लोकरी मावा आला तेव्हा हे पांढरे काय पसरले आहे हेच कळायला दिवस गेले, त्या वेळी प्रत्येकाच्या हातात असा कॅमेरा नव्हता. मात्र फोनने सांगितलेल्या रोगाच्या नावावर दुकानातून औषध आणू नका, माणसाला विचारा.

हवामानासाठी दोन अॅप उपयोगी आहेत. भारतीय हवामान खात्याचे ‘मेघदूत’ मराठीत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, जिल्ह्याचा अंदाज व पीकसल्ला देते. दुसरे ‘दामिनी’, ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले आहे. २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते इशारा देते. आपल्या उघड्या माळावर वळवाच्या दिवसांत माणसं झाडाखाली थांबतात आणि तिथेच घात होतो. रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनात हे असावे, बाकी काही नसले तरी चालेल.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. जमिनीतील ओल यंत्र मोजते आणि सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. ते आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर फोनच्या नकाशावर बोट ठेवून विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाईप किती लागेल याचा अंदाज घेतला तरी पुष्कळ झाले. त्यावर बांधाचे भांडण मात्र मिटवायला जाऊ नका. फोनचे माप दोन-चार मीटर इकडेतिकडे होते, आणि आपल्याकडे वीतभर बांधावरून कोर्टाची पायरी चढतात.

चोर आता कुंपणावरून येत नाही

व्हॉट्सअॅपवर ‘पी.एम. किसान यादी’, ‘गाडीचा दंड’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाने एक फाईल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती दाबली की फोनात परका माणूस शिरतो आणि ओ.टी.पी. त्याला दिसू लागतात. ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी दाबू नका, कारण त्याचाच फोन आधी गेलेला असतो. अॅप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तेही नाव व सरकारी खाते बघून.

पैसे घेण्यासाठी यू.पी.आय. पिन कधीच लागत नाही. “बिल जमा करतो, पिन टाका,” असे कोणी म्हणाला की समजा, तो तुमचे बिल न्यायला आला आहे. हंगामात उसाची रक्कम खात्यावर पडते हे चोरांनाही ठाऊक असते. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता असते.

उसाच्या दराच्या बातम्यांचेही असेच आहे. मागल्या हंगामातला संदेश तारीख काढून या हंगामात फिरतो आणि गावात दोन तट पडतात. दर कारखान्याच्या फलकावर किंवा पत्रकात पाहून मगच पुढे पाठवा.

फोन बाजारात हरवला तर काय ? आधीच एक काम करून ठेवा. फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी क्रमांक दिसेल, तो फाईलमध्ये लिहा. हरवल्यावर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर तो क्रमांक दिला की फोन देशभर बंद पाडता येतो. ही सोय २०२३ पासून आहे.

जुना बटणाचा फोन मोडीत देऊ नका. त्याची बॅटरी तीन-चार दिवस पुरते, पाण्यात-मातीत पडला तरी जीव जात नाही. मोटरच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवा. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला तोच बरा.