लंडनला जाताय? पावसाआधी उजेडाचा हिशोब करा

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतलं कुणी ना कुणी लंडनला आहे. सुट्टीत मुलाकडे किंवा मुलीकडे जायचं ठरलं की पालक आम्हा शिक्षकांना पहिला प्रश्न विचारतात, "सर, तिथे पाऊस फार असतो ना?"

तसं काही नाही. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैमध्येच सरासरी याहून जास्त पडतो. तिथला पाऊस बाराही महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो, झिमझिम येतो आणि जातो. सोबत वारा असला की छत्री उलटी होते, त्यामुळे टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट बरं.

खरा विचार करायचा तो उजेडाचा. मुंबईत सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक पडतो. लंडन बरंच उत्तरेला, ५१ अंशांच्याही वर आहे. तिथे डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही छोटा, तर जूनमध्ये साडेसोळा तासांचा.

अब्बा-अम्मींना सोबत न्यायचं असेल तर हे आधी बघा. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. दीड वाजून गेला की शाफई असर, दोननंतर हनफी असर आणि लगेच चारच्या सुमारास मगरिब. म्हणजे दुपारी फिरायला बाहेर पडलात तर जोहर, असर आणि मगरिब तिन्ही रस्त्यातच. थंडी म्हणाल तर दिवसा सात-आठ अंश असते. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे ती तेवढी कडक नसते आणि घरात हीटर असतातच. पण गुडघे दुखणारं, काठी घेऊन चालणारं माणूस अंधारात, ओल्या फुटपाथवर बाहेर पडायला तयार होत नाही. मग महिनाभर खिडकीतून बघत बसणं, एवढंच हाती राहतं. मुलांना बर्फाची आशा दाखवू नका, लंडनमध्ये तो क्वचितच पडतो. आणि २५ डिसेंबरला तिथे मेट्रो आणि बस दोन्ही बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

आमच्या मते वडीलधाऱ्यांसाठी मे महिना उत्तम. आपल्या शाळांना सुट्टी असते, दिवसाचं तापमान अठरा अंशांच्या आसपास, बागा फुललेल्या आणि रात्री साडेआठपर्यंत उजेड. फक्त स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, रोज संध्याकाळी लागतोच.

जुलै-ऑगस्टला "थंड देश" समजून जाऊ नका. एरवी तेवीस-चोवीस अंश असतात, पण १९ जुलै २०२२ रोजी लंडनच्या हीथ्रोला पारा ४० अंशांच्या वर गेला होता. तिथली घरं उष्णता धरून ठेवण्यासाठी बांधलेली. बहुतेक ठिकाणी एसी नाही, छताला पंखाही नाही. बीपीचा त्रास असलेल्यांनी टेबलफॅनची सोय आधीच करून घ्यावी.

याच दिवसांत नमाजच्या वेळांचाही घोळ होतो. जूनमध्ये मगरिब साडेनऊच्या थोडी आधी, आणि सूर्योदय पहाटे पावणेपाचच्या सुमारास. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकाश रात्रभर पूर्ण काळं होतच नाही. म्हणून इशा आणि फजरच्या वेळा मशिदीगणिक वेगळ्या दिसतात. मोबाईलवरच्या ॲपशी वाद घालत बसण्यापेक्षा ज्या भागात उतरणार तिथल्या मशिदीचं वेळापत्रक पाळणं सोपं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी साडेपाच-पावणेसहाला असलेली मगरिब रविवारी साडेचार-पावणेपाचलाच होते. आपल्या वेळेशी असलेला फरकही साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातो, तेव्हा घरी फोन करताना घड्याळ बघून करा.