अचूक चूक

8 जुलै 1987. लंडनच्या गॅटविक विमानतळावरून अमेरिकेला निघालेली दोन विमानं अटलांटिकवर एकमेकांवर आदळता आदळता वाचली. एक डेल्टाचं एल-1011, सिनसिनाटीला चाललेलं. दुसरं काँटिनेंटलचं बोइंग 747, नेवार्कला चाललेलं. दोन्हींत मिळून सहाशेच्या आसपास माणसं, आणि मधलं उभं अंतर शंभर फुटांहूनही कमी. 747 चं शेपूट जमिनीपासून साठ फुटांच्या वर जातं, यावरून काय ते समजावं. डेल्टाचं विमान आपल्या वाटेवरून सुमारे साठ मैल सरकलं होतं. वाटेवरचे बिंदू संगणकात भरताना चूक झाली, असा ठपका वैमानिकांवर आला.

साठ मैल म्हटल्यावर पहिला प्रश्न मनात येतो, हे लोक झोपले होते की काय? खरं तर तो आकडाच चुकीची जात सांगतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल. युरोप आणि अमेरिकेच्या मधल्या आकाशात रोज वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर वाटा आखतात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी. शेजारच्या दोन वाटांमध्ये तेव्हा नेमकं एका अंशाचं अंतर असे. म्हणजे 52 च्या जागी 51 दाबलं गेलं, तर विमान मोकळ्या समुद्रावर भरकटत नाही. ते सरळ शेजाऱ्याच्या वाटेवर जाऊन बसतं आणि तिथून अगदी काटेकोर उडत राहतं.

ते पाहणारं तेव्हा कुणी नसे, ही दुसरी पंचाईत. किनाऱ्यावरच्या रडारची नजर दोन-अडीचशे मैलांपलीकडे पोचत नाही. त्यापुढे स्कॉटलंडमधल्या शॅनविक नियंत्रण केंद्राला किंवा कॅनडातल्या गँडरला विमान दिसायचंच नाही. दर दहा रेखांशांवर एचएफ रेडिओच्या खरखरीतून वैमानिक आपली जागा सांगणार, नियंत्रक ती लिहून घेणार. वैमानिकाला ती जागा कोण सांगणार? त्याचं यंत्र. सगळा कारभार ऐकीव.

या यंत्राआधी सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजणारा नॅव्हिगेटर कॉकपिटमध्ये असायचा. 1970 मध्ये 747 आलं तेव्हा छताला सेक्स्टंटपुरता झरोका होता, पण नॅव्हिगेटरची खुर्ची गेली होती. तिची जागा इनर्शियल नॅव्हिगेशनने घेतली. निघताना विमान कुठे उभं आहे ते या यंत्राला सांगायचं. मग जायरोस्कोपच्या आधाराने प्रत्येक हालचाल मोजत ते आपली जागा स्वतःच काढतं. त्यात एका वेळी नऊ बिंदू मावत. अशी तीन यंत्रं, एकमेकांवर लक्ष ठेवायला. पण एका यंत्रात भरलेले आकडे बाकीच्या दोघांत उतरवून घ्यायचीही सोय होती. घाईत ती वापरली की एकाची चूक तिघांची होते आणि तिघांचं एकमत पाहून वैमानिक निर्धास्त होतो. बिघडलेल्या यंत्रापेक्षा मला हे एकमत जास्त घातक वाटतं.

कोरियन एअर लाइन्सच्या 007 क्रमांकाच्या उड्डाणाची गोष्ट याहून वेगळी आहे. अँकरेजहून सोलला निघालेलं ते 747 सोव्हिएत सुखोई-15 ने 1 सप्टेंबर 1983 रोजी सखालिनजवळ पाडलं. 269 माणसं गेली. हेरगिरीच्या कहाण्या दहा वर्षं चालल्या. सोव्हिएत संघाने दडवून ठेवलेल्या ब्लॅक बॉक्समधल्या नोंदी अखेर बाहेर आल्या आणि 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने जे सांगितलं ते कमालीचं साधं होतं. ऑटोपायलट इनर्शियल यंत्राचं ऐकतच नव्हता. उड्डाणानंतर लगेच धरलेली 245 अंशांची दिशा तो शेवटपर्यंत धरून बसला. एक तर बटण फिरवायचं राहिलं, किंवा ते फिरवेपर्यंत विमान वाटेपासून इतकं दूर गेलं होतं की यंत्राला वाट पकडता आली नाही. त्यासाठी साडेसात सागरी मैलांच्या आत असावं लागतं. अलास्कातल्या बेथेलपाशीच विमान बारा मैल उत्तरेला होतं.

तरी जागेचे निरोप ठरल्याप्रमाणे जात राहिले, कारण बिंदू दूरवरून बाजूला पडला तरी यंत्र तो 'ओलांडला' असंच धरतं. मागून त्याच कंपनीचं आणखी एक विमान येत होतं. दोन्हींच्या वैमानिकांचं रेडिओवर वाऱ्याबद्दल बोलणं झालं. एकाला समोरून वारा, दुसऱ्याला पाठीमागून जोरदार. एकाच वाटेवरच्या दोन विमानांना इतका वेगळा वारा कसा लागेल, हे कुणालाच खटकलं नाही. ही एक जागा होती, जिथे सगळं उमगू शकलं असतं.

आजही नव्या चुकांना वाट मिळतेच. 2015 मध्ये सिडनीला एअरएशिया एक्सच्या कॅप्टनने रेखांश 15109.8 ऐवजी 01519.8 भरला. विमानाला वाटलं आपण अकरा हजार किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या टोकाजवळ आहोत. क्वालालंपूरला निघालेली मंडळी शेवटी मेलबर्नला उतरली. त्याच वर्षी अटलांटिकवर अर्ध्या अंशाच्या वाटा आल्या. संगणकाच्या लिपीत '5250एन' म्हणजे 52 उत्तर, 50 पश्चिम. 'एन5250' म्हणजे साडेबावन्न उत्तर. अक्षर पुढे की मागे, यावर तीस मैल अवलंबून! ज्याने हे ठरवलं त्याला रात्री तीन वाजता कॉकपिटमध्ये बसवायला हवं होतं.

पण सर्वांत चिवट चूक आहे ती वाटेची मंजुरी बदलल्यावरची. निघताना एक वाट भरलेली असते, समुद्राच्या तोंडाशी नियंत्रक दुसरी देतो. वैमानिक ती बिनचूक वाचून दाखवतो आणि संगणकातली जुनी वाट बदलायला विसरतो किंवा अर्धवट बदलतो. म्हणून एक बिंदू ओलांडल्यावर साधारण दहा मिनिटांनी आपली जागा नकाशावर टिपून पाहायची शिस्त आहे. आता यंत्रच भरलेली वाट परस्पर नियंत्रकाला कळवतं आणि 2019 पासून अटलांटिकवरची विमानं उपग्रहांतून दिसतात. चूक होते, पण लवकर पकडली जाते.

जीपीएसने वाट इतकी नेमकी केली की चुकून एकाच उंचीवर आलेली दोन विमानं आता थेट एकमेकांवरच जातील. पूर्वी निदान मैल-दोन मैल इकडेतिकडे असायची. म्हणून महासागरावर वैमानिकांना मुद्दाम वाटेच्या उजवीकडे, दोन सागरी मैलांपर्यंत सरकून उडायची मुभा आहे. अरबी समुद्रावरही, मुंबईच्या हद्दीत, हाच शिरस्ता चालतो.

शिवाय पश्चिम आशियावरून येताना खोट्या जीपीएस संदेशांनी विमानांना फसवण्याचे प्रकार वाढले आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या विमानवाहतूक नियामक डीजीसीएने त्याबद्दल विमान कंपन्यांना सूचना काढली. हा खोटा संदेश इनर्शियल यंत्रातही झिरपू शकतो. असं फसवलं गेलेलं विमान अटलांटिकच्या तोंडाशी आलं की वैमानिकाने नियंत्रकाला आधीच सांगून टाकायचं, आमच्या जागेचा भरवसा नाही. मग त्याच्याभोवती पूर्वीसारखं ऐसपैस अंतर सोडलं जातं.