सोफ्यात, गादीत मुरलेला धुराचा वास कसा घालवायचा?

यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी तालुका म्हणजे कापसाचा पट्टा. शेवटची वेचणी झाली की शेतात उरते ती पऱ्हाटी. तिचा काही भाग धुऱ्यावर पेटवला जातो, तर काही भाग घरी येऊन चुलीचं सरपण होतो. घरात गॅस असला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरीसाठी अनेक ठिकाणी चूल पेटतेच.

हा धूर थोड्या वेळात दिसेनासा होतो, पण वास राहतो. सोफा, दिवाण, गादी आणि उशीत तो असा मुरतो की आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवूनही जात नाही. विडी-सिगारेट ओढल्या जाणाऱ्या घरातही हेच होतं. मग कुणी अगरबत्ती लावतं, कुणी सुगंधी स्प्रे मारतं. दोन तासांनी वास पुन्हा हजर!

असं का होतं आणि त्यावर नेमका उपाय काय, हे समजून घेऊ.

वास म्हणजे नुसती हवा नाही

धुरात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे काजळीचे आणि डांबरासारख्या चिकट पदार्थाचे अतिसूक्ष्म कण. यातले बरेचसे १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. दुसरी गोष्ट म्हणजे वायुरूप रसायनं. लाकूड किंवा पऱ्हाटी जळताना त्यातल्या लिग्निनचं विघटन होतं आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल गटातली रसायनं तयार होतात. आपण ज्याला 'धुरकट वास' म्हणतो, तो मुख्यतः यांचाच.

भिंत किंवा फरशीवर हे पदार्थ वरवर बसतात, पुसले की बरेचसे जातात. सोफ्याचं तसं नाही. कापडाचे धागे, त्याखालचा कापूस आणि आतला फोम यांत असंख्य बारीक पोकळ्या असतात. धूर तिथे शिरतो, चिकटतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडत राहतो. ऊन तापलं की रसायनं वेगाने उडतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता त्यांना धाग्यांपासून सोडवते. म्हणूनच उन्हाळ्यात गेल्यासारखा वाटलेला वास जून-जुलैत परत येतो.

हा फक्त नाकाचा प्रश्न आहे का?

नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वणवा पेटला आणि हजाराहून जास्त घरं जळाली. वाचलेल्या घरांमध्येही धुराचा वास दीर्घकाळ राहिल्याच्या तक्रारी आल्या. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी एका प्रायोगिक घरात मुद्दाम लाकडाचा धूर सोडून मोजमापं घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसलं, की धुरातली रसायनं घरातल्या पृष्ठभागांवर साठून राहतात आणि तिथून परत हवेत येतात. हवा शुद्ध करणारं यंत्र चालू असेपर्यंत प्रमाण कमी व्हायचं, बंद केलं की पुन्हा वाढायचं. पृष्ठभाग झाडून-पुसून स्वच्छ केल्यावर मात्र फरक टिकला.

तंबाखूच्या धुराबाबत तर आणखी काळजी हवी. कापडात साठलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार करू शकतं, हे २०१० मध्ये लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधनात दिसलं. सोफ्यावर लोळणारी, कापड तोंडात घालणारी लहान मुलं याच्या सर्वांत जवळ असतात.

मग सुरुवात कुठून करायची?

१. आधी धूर थांबवा. चूल बैठकीच्या खोलीला लागून असेल तर मधलं दार बंद ठेवा आणि धूर बाहेर जाईल अशी वाट करा. जमत असेल तर पाणी तापवण्याची चूल अंगणात न्या. शेजारच्या शेतात पऱ्हाटी पेटली असेल तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. घरात विडी-सिगारेट नकोच. हे झालं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

२. कोरडी काजळी आधी काढा. ओला फडका सर्वांत शेवटी. काजळी तेलकट असते, तिच्यावर ओलं कापड फिरवलं की ती धाग्यांत आणखी खोल जाते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फटींसह सगळीकडे फिरवा. नसेल तर गाद्या आणि उशा अंगणात नेऊन झटका. घरात झटकल्यास तेच कण परत नाकात जातात. तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

३. खाण्याचा सोडा वापरा. कोरड्या कापडावर सोडा सारखा पसरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून किंवा व्हॅक्यूमने काढा. दोन-तीन वेळा करावं लागेल. धुरातल्या ॲसेटिक आम्लासारख्या आम्लधर्मी पदार्थांवर सोडा चांगलं काम करतो. फिनॉलवर त्याचा परिणाम कमी, त्यामुळे फक्त सोड्याने चमत्कार होत नाही. धुण्याचा सोडा मात्र वापरू नका, तो जास्त तीव्र असतो.

४. खोळी धुवा. निघणाऱ्या खोळी डिटर्जंटने धुवा आणि पूर्ण वाळवा. न निघणाऱ्या कापडावर सौम्य साबणाच्या फेसाने, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा, रंग जातो का ते कळेल. सोफ्यावर लेबल असेल तर 'डब्ल्यू' म्हणजे पाणी चालतं, 'एस' म्हणजे पाणी नको, 'एक्स' म्हणजे फक्त व्हॅक्यूम.

५. कापूस आणि फोम यांना वेगळं वागवा. कापसाच्या गादीला कडक ऊन मानवतं. तीन-चार दिवस, दोन्ही बाजू उलटून वाळवा. एवढ्यानेही वास राहिला तर गादी उसवून कापूस पिंजून घ्या, वाळवा आणि नव्या खोळीत भरा. कापूस पिकवणाऱ्या भागात गादी भरून देणारे कारागीर अजून मिळतात, हा आपला फायदाच. फोमचं तसं करता येत नाही. तीव्र उन्हात तो पिवळा पडून भुसभुशीत होतो, म्हणून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. भिजवू तर नकाच. आतून वाळला नाही तर धुराच्या जागी बुरशीचा वास येईल.

हे करू नका

- अगरबत्ती, धूप, कापूर जाळणं: हासुद्धा धूरच आहे. वास झाकला जातो, पण कणांमध्ये भर पडते.
- सोडा आणि व्हिनेगर एकत्र: फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात.
- ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र: यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- चुलीतला कोळसा: वास शोषतो तो खास प्रक्रिया केलेला सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमचं अंतर्गत पृष्ठफळ ५०० चौरस मीटरहून जास्त असतं. साधा कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही.
- ओझोन यंत्र: ऑनलाइन सहज मिळतं. पण ओझोन फुप्फुसांना घातक असल्याने माणसं असलेल्या जागेत ही यंत्रं वापरू नयेत, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

वास गेला, हे कसं ओळखायचं?

स्वतःच्या नाकावर विसंबू नका. सतत एकाच वासात राहिलं की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. स्वच्छ सुती रुमाल सोफ्याच्या फटीत रात्रभर ठेवा, सकाळी झाकणाच्या बरणीत बंद करा आणि संध्याकाळी बाहेरून आलेल्या कुणाला तरी हुंगायला द्या.

टाकून कधी द्यायचा?

घरात आग लागून फोम करपला असेल, किंवा वायर आणि प्लास्टिक जळाल्याचा धूर त्यात मुरला असेल, तर तो सोफा वाचवण्याच्या फंदात पडू नका. फोम आतून धुमसत राहून पुन्हा पेटू शकतो, त्यामुळे आधी तो घराबाहेर मोकळ्या जागी न्या. नुसत्या चुलीच्या धुराचा वास असेल तर पूर्ण सोफा फेकायची गरज सहसा पडत नाही. लाकडी सांगाडा साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा, आतला फोम आणि वरचं कापड बदला. नव्या सोफ्याच्या तुलनेत हे बरंच स्वस्त पडतं. जुना फोम मात्र जाळू नका. त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात.