कारल्याचा वेल आणि आषाढाची झड

पावसाविषयी लिहायचे म्हटले की मराठी लेखणी आपोआप खिडकीत जाऊन बसते. हातात चहा, बाहेर झड, मन कातर. हे चित्र खोटे नाही, पण इतक्यांनी इतक्या वेळा काढले आहे की आता त्यातला पाऊस भिजवत नाही. पावसाचे जे सौंदर्य आपल्या भाषेत आणि गाण्यांत खोल रुजले, त्यातले पुष्कळसे खिडकीतून आलेले नाही, ते परड्यातून आले आहे. परडे म्हणजे कोल्हापूरकडचे परसदार. मोरीचे पाणी जिथे जिरते तिथे अळवाचा वाफा, कुंपणावर दोडका नाहीतर कारले, कोपऱ्यात कर्दळ आणि सोनटक्का. पावसाळ्यात इथे नुसते बघून भागत नाही. आळी मोकळी करावी लागतात, साचलेल्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते, आडवा झालेला वेल पुन्हा बांधावा लागतो. हात चिखलात गेले की डोळाही नीट बघू लागतो आणि नव्या कल्पनेला खाद्य मिळते ते अशा बघण्यातूनच.

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचारच घ्या. न टिकणाऱ्या गोष्टीसाठी संस्कृत कवींना कमळाच्या पानावरचा थेंब आठवला. मराठीने तोच दाखला मोरीकडेच्या अळवावरून उचलला. (मला यात आपल्या भाषेचा सगळा स्वभाव दिसतो.) अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे आणि मेणाचा थर असतो. थेंब त्या टोकांवर तोलून राहतो, खाली हवा असते, म्हणून पान ओले न होता थेंब घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानाच्या या स्वच्छतेचे गुपित जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1997 मध्ये सविस्तर मांडले. आपल्याकडे वडीसाठी पाने खुडणाऱ्या बाईला त्यामागचे कारण ठाऊक नव्हते, पण घडते काय ते तिने अचूक टिपले होते. मातीच्या वासाचेही असेच. पहिल्या सरीनंतरच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये दिले, आणि विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा कवितासंग्रह त्याच्या दहा वर्षे आधीच, 1954 मध्ये आला होता.

यापेक्षाही बोलका पुरावा हादग्याच्या गाण्यांत आहे. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की कोल्हापूर, सांगली, सातारा भागात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळा दिवस. त्यांतल्या एका फार प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जायला निघते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावून होतो, तर म्हणते कोंब येऊ दे. मग फूल, मग कारले, मग भाजी. सुनेचे माहेर दर कडव्यागणिक लांबत जाते. हे गाणे आपण गंमत म्हणून ऐकतो, पण कारले लावलेल्या माणसाला त्याची बांधणी वेगळी दिसते. बी पेरल्यापासून पहिले कारले हाती यायला साधारण दोन महिने लागतात. आधी येतात ती नरफुले; ती गळून पडतात आणि नवख्याला वाटते, वेल वांझ निघाला. मादीफूल नंतर येते आणि त्याच्या देठाशी इवलेसे कारले आधीपासूनच दिसते. म्हणजे फूल आणि फळ यांच्यामध्ये खरोखरच एक अख्खे कडवे मावेल एवढी वाट पाहावी लागते. ज्या बाईने हे गाणे रचले तिला वृत्त वेलाने शिकवले. सासूचा छळ तिने शिव्याशाप न देता झाडाच्या वाढीच्या वेगाने मोजला, आणि म्हणूनच तो इतका बोचतो.

यावर कोणी म्हणेल, कोल्हापूरची कलानगरी म्हणून ओळख चित्रकारांनी घडवली, माळ्यांनी नव्हे. आबालाल रहिमान यांनी कुठे कुदळ धरली होती? बरोबर आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाखालचे हे चित्रकार 1931 मध्ये वारले. पण त्यांनी काय केले ते पाहा. कोटितीर्थाचा परिसर, संध्यामठ, हीच ठिकाणे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली, वेगवेगळ्या उजेडात. रोज त्याच जागी जायचे आणि काल नव्हते ते आज शोधायचे, हा त्यांचा रियाज होता. असा रियाज स्वतःहून करणारे हजारात एखादे. बाकीच्यांकडून तो कुंडी करून घेते, कारण दोन दिवस लक्ष दिले नाही की ती झाडच मारते. शिवाय पावसाळी उजेड शिकाऊ डोळ्याला सोपा असतो. ढगांमुळे सावल्या मऊ होतात, पानांवरची धूळ धुऊन जाते, ओला जांभा दगड गडद होतो, आणि एरवी एकच वाटणाऱ्या हिरव्याचे दहा प्रकार वेगळे दिसू लागतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या पंचगंगाकाठच्या गावांना पावसाचे सौंदर्य कोणत्या तोंडाने सांगायचे? खिडकीतल्या पावसाबद्दल हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परड्यातला पाऊस मात्र पहिल्यापासून दुधारीच असतो. मुळे कुजणे, बुंध्याला बुरशी धरणे, एका रात्रीत वाफा वाहून जाणे हे तिथे रोजचेच. म्हणून तर शेतकऱ्याच्या भाषेत 'पाऊस' या एका शब्दावर भागत नाही. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. शिवाय रिपरिप, झड, उघडीप. आणि पाणी जिरून मातीत पुन्हा हवा खेळू लागली, हात घालण्याजोगी झाली, की वाफसा. अति पाऊस आणि पुरेसा पाऊस यांतला फरक ज्या भाषेला इतका बारीक कळतो, ती पुराची थट्टा करत नाही. हा फरक जिल्ह्यातही दिसतो. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे त्याहूनही बराच कमी. बागकामाचे एकच पुस्तक या तिन्ही ठिकाणी चालणार नाही.

फ्लॅटमध्ये परडे कुठून आणायचे, हा प्रश्न मला तेवढा अवघड वाटत नाही. बाल्कनीच्या जाळीला वेल चढतो, त्याला बारा-पंधरा इंची कुंडी पुरते. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवून निचरा तेवढा सांभाळायचा. डासांची तक्रार मात्र खरी आहे. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाकाव्यात, आणि साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून द्यावे, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. संततधारेत मधमाश्या फिरकत नाहीत. अशा वेळी सकाळी नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला हाताने लावावे लागतात. मग त्या गाण्यातल्या सुनेपेक्षा आपल्यालाच वेलाची जास्त काळजी लागते.

कारल्याच्या बीची साल कठीण असते. रात्रभर भिजवून लावावे. हस्त नक्षत्र 27 सप्टेंबरच्या आसपास लागते. जुलैच्या मध्याला लावलेल्या वेलावर तोवर भाजीपुरती कारली धरलेली असतात.